तारकर्लीत तीन आठवडे राहून काम करायचं आहे. तिथल्या वाय-फायवर माझं काय काय उघडं पडेल?

प्रश्न पुण्याच्या एका ताईंचा आहे. त्या कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करतात. डिसेंबरात नवरा आणि मुलीसह तीन आठवडे तारकर्लीला एका न्याहारी-निवासात राहायचं ठरतंय. दिवसा काम, संध्याकाळी समुद्र. त्यांनी विचारलंय: मी काय बघते ते मालकांना दिसतं का? शेजारच्या खोलीतल्या माणसाला दिसतं का? बँकेचे व्यवहार करावेत का? इन्कॉग्निटो लावलं की भागतं का? आणि ऑफिसातल्या एकाने फुकटचा व्हीपीएन टाकायला सांगितलंय, तो टाकावा का?

ताई, मी कुडाळला राहतो. गेली पंधरा वर्षं वेंगुर्ल्यापासून गुहागरपर्यंत लॉज, रिसॉर्ट आणि घरगुती राहण्याच्या जागांमध्ये इंटरनेट जोडून देतो, बिघडलं की दुरुस्त करतो. म्हणजे तुम्ही ज्या राउटरला जोडल्या जाल, तसले शेकडो राउटर मी आतून पाहिले आहेत.

आधी थेट उत्तर देतो. बँकेचे व्यवहार करा, खुशाल करा. तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते मालकांना दिसू शकतं. तिथे जाऊन काय केलंत ते दिसत नाही. इन्कॉग्निटोचा इथे उपयोग नाही. फुकटचा व्हीपीएन टाकू नका. आणि ज्याची काळजी खरोखर करायला हवी ते तुमच्या प्रश्नांत आलेलंच नाही. कोकणातल्या हॉटेलांत माणसाचं जे उघडं पडताना मी पाहिलंय ते हवेतून फारसं गेलेलं नाही. ते रिसेप्शनवर, खोलीतल्या टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर आपणच हाताने देऊन आलेलं असतं.

वाय-फायच्या हवेतून चोरी होण्याची भीती कुठून आली ते सांगतो, कारण ती एके काळी अगदी खरी होती. ऑक्टोबर २०१० मध्ये फायरशीप नावाचा एक जोड-प्रोग्राम (एक्स्टेन्शन) फायरफॉक्स ब्राउझरसाठी बाहेर आला. उघड्या वाय-फायवर बसून तो चालू केला की आसपास फेसबुक वापरणाऱ्यांची नावं फोटोसकट बाजूला उमटायची आणि एखाद्या नावावर क्लिक केलं की सरळ त्याच्या खात्यात शिरता यायचं. पासवर्ड लागत नसे. मी माझेच दोन लॅपटॉप आणि माझंच खातं घेऊन ते करून पाहिलं, तेव्हा अंगावर काटा आला होता. त्या काळात बहुतेक साइट फक्त लॉगिनचं पान गुप्त पाठवत आणि पुढचं सगळं उघडं. जीमेलने त्याच वर्षी जानेवारीत सगळा व्यवहार एचटीटीपीएसवर, म्हणजे तुम्ही आणि साइट यांच्यातलं सगळं बंद पाकिटातून नेणाऱ्या पद्धतीवर, नेला होता, फेसबुकला सगळ्यांसाठी तसं करायला २०१३ उजाडलं. पुढे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने त्यासाठी साइटला लागणारी ओळखीची प्रमाणपत्रं फुकट द्यायला सुरुवात केली, छोट्या छोट्या साइटही एचटीटीपीएसवर आल्या, आणि २०१८ च्या जुलैपासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटवर 'सुरक्षित नाही' असं लिहू लागला. व्हॉट्सॲपचे निरोप २०१६ पासून फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या टोकालाच उलगडतात. तेव्हा 'हॉटेलच्या वाय-फायवर बँक उघडू नका' हा सल्ला ज्या काळात जन्मला तो काळ मागे पडलाय. सल्ला मात्र अजून फिरतोय.

आता मालकांना काय दिसतं ते बघू. एसटीच्या वाहकाला तुम्ही कुठल्या थांब्यावर उतरलात ते कळतं. उतरून कोणाच्या घरी गेलात आणि काय बोललात ते त्याला कळत नाही. राउटरचंही तसंच. तुमचा फोन आधी साइटच्या नावावरून तिचा पत्ता विचारतो, ही विचारणा सहसा उघडी जाते. पुढे जोडणी जुळताना जो पहिला निरोप जातो त्यातही साइटचं नाव बहुतेक वेळा उघडं असतं. त्यानंतरचं सगळं बंद: कोणतं पान, काय शोधलंत, काय टाइप केलंत, किती पैसे पाठवलेत. शिवाय किती वाजता, किती वेळ आणि किती डेटा, हे कळतं.

थांबे कळले तरी पुष्कळ कळतं, हे मात्र मला दोन वर्षांपूर्वी देवबागला नीट उमगलं. कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीवर एका काकांचं सहा खोल्यांचं घर आहे. नवा राउटर बसवला आणि खळ्यात बसून सेटिंग करत होतो. काका चहा घेऊन आले, स्क्रीनकडे बघून म्हणाले, "ह्या सगळा माका दिसता?" म्हटलं, दाखवतो. माझाच फोन पाहुण्यांच्या नेटला जोडला आणि पाच मिनिटं सहज काहीबाही उघडत गेलो: वर्तमानपत्र, माझी बँक, गोव्यातल्या एका हृदयरोग रुग्णालयाचं अपॉइंटमेंटचं पान, नोकऱ्यांची एक साइट, वधूवर सूचक मंडळ. मग राउटरची नोंदवही उघडली. ओळीने सगळी नावं उभी होती, शेजारी वेळ. आणि सगळ्यात वर माझ्या फोनचं नाव, ज्यात माझं स्वतःचं नाव होतं, कारण फोन घेतला तेव्हा मुलीने तसं ठेवलं होतं.

काकांनी यादी वाचली आणि मला विचारलं, तुमच्या छातीत दुखतं का? खरंच दुखत होतं, महिनाभर, आणि घरी सांगितलेलं नव्हतं. रुग्णालयाच्या पानावर मी काय लिहिलं यातलं अक्षरही त्या यादीत नव्हतं. नुसतं साइटचं नाव होतं आणि चार मिनिटं होती. काका खुर्ची फिरवून समुद्राकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, ही नोंद बंद करता येते तर बंद कर. केली.

म्हणून मी 'काही दिसत नाही' असं तुम्हाला सांगणार नाही. थांब्यांची यादी लपवायची असेल तर दोन गोष्टी करा, दोन्ही फुकट आहेत. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'खाजगी डीएनएस' असतं. तिथे dns.google किंवा one.one.one.one असं लिहा. मग पत्त्याची विचारणा बंद पाकिटातून जाते. पहिल्या निरोपातलं नाव तरीही बऱ्याच ठिकाणी उघडं राहतं. ते झाकायची सोय क्रोम आणि फायरफॉक्समध्ये २०२३ पासून आली, पण समोरची साइटही तयार असावी लागते आणि अजून सगळ्या तयार नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे फोनचं नाव बदला. 'अबाउट फोन'मध्ये जाऊन तुमचं नाव काढा, नुसतं मॉडेल ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पाहुण्यांच्या यादीत मला आजही पूर्ण नाव-आडनावाचे फोन दिसतात आणि दर वेळी वाईट वाटतं.

इन्कॉग्निटोचं एका ओळीत: तो तुमच्याच फोनवर इतिहास ठेवत नाही, बस. राउटरला, नेट कंपनीला आणि साइटला त्याने फरक पडत नाही. तुमच्या लॅपटॉपवर मुलगी अभ्यास करणार असेल तर वापरा, हॉटेलसाठी नको.

शेजारच्या खोलीतला माणूस. इथे थोडं सविस्तर सांगावं लागेल. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी एकच पासवर्ड सगळ्यांना असतो, लॅमिनेट करून भिंतीला लावलेला, चार-चार हंगाम तोच. वाय-फायला कुलूप लावायच्या, आजही बऱ्याच राउटरवर चालणाऱ्या डब्ल्यूपीए२ पद्धतीत, पासवर्ड माहीत असलेल्या माणसाने तुमचा फोन जोडला जातानाची सुरुवातीची देवाणघेवाण टिपली, तर त्याला वाय-फायचं कवच उलगडता येतं. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ मध्ये ही फट बुजवली आहे, पण इथे तो क्वचित चालू केलेला आढळतो, कारण जुने फोन त्याला जोडले जात नाहीत आणि पाहुणा कुरकुर करतो. पण कवच उलगडलं तरी आतलं एचटीटीपीएसचं पाकीट बंदच असतं. म्हणजे शेजाऱ्याला जास्तीत जास्त मालकांइतकंच दिसेल: थांबे.

शेजाऱ्याकडून खरा धोका वेगळ्या वाटेने येतो. तो त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं स्वतःचं वाय-फाय उभं करू शकतो. फोन नाव बघून जोडला जातो आणि ज्याचा सिग्नल जोरात त्याला चिकटतो. मग तो मधे बसून खोटं लॉगिनचं पान दाखवू शकतो. आपल्या किनाऱ्यावर हे रोज घडतंय असं मी म्हणत नाही, माझ्या हाती असं एकही प्रकरण आलेलं नाही. जगात मात्र घडलेलं आहे, आणि नुसत्या खोट्या वाय-फायपुरतं नाही: कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीने नोव्हेंबर २०१४ मध्ये डार्कहोटेल या टोळीबद्दल लिहिलं, ती आशियातल्या बड्या हॉटेलांच्या नेटवर्कमध्येच शिरून कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना नेहमीच्या सॉफ्टवेअरचं 'अपडेट' म्हणून हेरगिरीचा प्रोग्राम टाकायला लावत होती. त्यातून घ्यायचं ते एवढंच: हॉटेलच्या नेटवर असताना अचानक वर येणाऱ्या कुठल्याही अपडेटला हो म्हणू नका. निघायच्या आदल्या रात्री पुण्यातच फोन आणि लॅपटॉप अपडेट करून घ्या. तसंही इथल्या वेगाने तुमचा अर्धा दिवस त्यात जाईल.

आता तो इशारा, ज्यावर माझ्या मते सगळं अवलंबून आहे. 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असं लाल चिन्हाचं पान आलं की लोक 'प्रगत'वर टॅप करून पुढे जातात. जाऊ नका. समोर जो आहे त्याला स्वतःची ओळख पटवता आली नाही, असं ब्राउझर तुम्हाला सांगत असतो. बंद पाकिटाची सगळी हमी त्या एका टॅपने संपते. इथे एक गोंधळ नेहमी होतो, तो सांगून ठेवतो. काही रिसॉर्टमध्ये नेटला जोडल्यावर आधी त्यांचं लॉगिनचं पान येतं. ते यायच्या आत तुम्ही बँकेची साइट उघडलीत तर हॉटेलची यंत्रणा ती मागणी अडवते आणि ब्राउझर इशारा देतो, आणि तो योग्यच असतो. अशा वेळी मागे फिरा, 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' (neverssl.com) ही साइट उघडा. ती मुद्दाम एचटीटीपीएसशिवाय ठेवलेली आहे, त्यामुळे लॉगिनचं पान बिनबोभाट समोर येतं. दुसरं कारण लॅपटॉपचं घड्याळ. बॅटरी पूर्ण मेलेली असेल आणि तारीख मागे गेली असेल तर प्रत्येक साइटवर हाच इशारा येतो; तारीख दुरुस्त करा, इशारा जातो. ही दोन्ही कारणं नसतील तर त्या नेटवर ती साइट उघडू नका. आणि पत्त्याशेजारी कुलूप शोधत बसू नका. क्रोमने ते चित्र २०२३ मध्ये काढून टाकलं, कारण लोक त्याचा अर्थ 'साइट सच्ची आहे' असा घ्यायला लागले होते. ठगाच्या साइटलाही कुलूप मिळतं. पत्त्याचं स्पेलिंग वाचा.

लॉगिनच्या पानाबद्दल अजून थोडं. तिथे मोबाइल नंबर आणि ओटीपी का मागतात, असं पाहुणे माझ्याकडे तक्रारीच्या सुरात विचारतात. त्याला इतिहास आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना गेलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वाय-फायवरून गेला होता. घरमालकाचा त्याच्याशी संबंध नव्हता, कोणीतरी त्याचं नेट वापरलं होतं. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फाय देताना माणसाची ओळख पटवून घ्यायला सांगितलं. तेव्हा नंबर मागणं रास्त आहे. पण नंबरपलीकडे जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, ईमेल, फेसबुकने लॉगिन हे मागत असतील तर ते जाहिरातीसाठी आहे. रिकामं सोडा, आणि सोडता येत नसेल तर रिसेप्शनवर कोड मागून घ्या. आमच्याकडची अडचण अशी की खोलीत रेंज नाही म्हणून ओटीपीच येत नाही, आणि मालक दया येऊन स्वतःचा नंबर घालून देतात. तसं करू देऊ नका. उद्या दुसऱ्या पाहुण्याने काही केलं तर पोलीस काकांच्या दारात येतील. अंगणात जा, रेंज पकडा, ओटीपी घ्या.

रेंजवरून आठवलं. 'त्यापेक्षा स्वतःचा मोबाइल डेटा वापरा' हा सल्ला तुम्हाला सगळे देतील, आणि जिथे डेटा चालतो तिथे तो बरोबरच आहे. एकाच माणसाने वापरायचं नेट सामायिक नेटपेक्षा केव्हाही बरं. पण जांभ्या चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, वर मंगलोरी कौलं, भोवती माडांची दाटी, मागे डोंगर. अंगणात चार कांड्या आणि माजघरात शून्य, हे इथलं रोजचं आहे. जाण्याआधी मालकांना फोन करून विचारा की खोलीत कोणतं सिम चालतं. त्या कंपनीचं एक प्रीपेड सिम घेऊन ठेवा. लॅपटॉप हॉटस्पॉटवर, बाकी सिनेमा-गाणी हॉटेलच्या वाय-फायवर, ही वाटणी मी माझ्या नातेवाइकांनाही सांगतो. आणि फोनमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' चालू करून ठेवा; भिंतीआड रेंज नसतानाही कॉल वाय-फायवरून येतात आणि ते तुमच्या मोबाइल कंपनीपर्यंत स्वतंत्र बंद नळीतून जातात, मालकांना ऐकू येत नाहीत.

यूपीआयचं ॲप नवीन फोनवर पहिल्यांदा चालू करायचं असेल तर मात्र पुण्यातच करा. त्यासाठी फोन स्वतः सिमवरून एसएमएस पाठवतो. रेंज नसली की तिथेच अडकतं, आणि मग माणूस घाईत गूगलवर सापडलेल्या कुठल्यातरी 'कस्टमर केअर'ला फोन लावतो. ज्यांचे पैसे गेलेले मी पाहिलेत त्यांचे अशा फोनवर गेलेत, किंवा बुकिंगच्या आधीच गेलेत: रिसॉर्टचे खरे फोटो उचलून खोटं पान बनवलेलं, खाली तिसराच नंबर, आणि ॲडव्हान्स भरला की शांतता. तुमचं बुकिंग अजून व्हायचं असेल तर गूगल मॅपवरचा नंबर आणि पानावरचा नंबर ताडून बघा आणि शक्य असेल तर मालवणात कोणाला तरी विचारा. आमच्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

व्हीपीएन. तुमच्या लॅपटॉपवरून सगळं एका बंद नळीतून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून पुढे सुटतं. मालकांना मग थांबे दिसत नाहीत, फक्त नळी दिसते. पण थांब्यांची यादी नाहीशी होत नाही, ती व्हीपीएन कंपनीच्या हातात जाते. देवबागच्या काकांना तुम्ही तोंडावर विचारू शकता. फुकटच्या व्हीपीएनचा मालक कोण, हे तुम्हाला कधी कळणार नाही. फेसबुकच्या मालकीचं ओनावो नावाचं फुकट व्हीपीएन ॲप 'तुमचं रक्षण करतो' म्हणत लोक कोणती ॲप किती वापरतात ते गोळा करत होतं. ॲपलच्या दुकानातून ते २०१८ मध्ये गेलं आणि पुढच्या वर्षी बंद झालं. पैसे देऊन घेणार असाल तर एवढं माहीत असू द्या की सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार भारतात सेवा देणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव-पत्ता वगैरे पाच वर्षं ठेवायचं आहे. त्यावरून काही मोठ्या कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले.

तुमच्यासाठी उत्तर सोपं आहे: ऑफिसचा व्हीपीएन असेल तर तोच वापरा. अशिलांची विवरणपत्रं, पॅन, बँकेचे उतारे हे तुमचं स्वतःचं नाही, दुसऱ्याने विश्वासाने दिलेलं आहे. ऑफिसकडे व्हीपीएन नसेल तर तीन आठवड्यांसाठी तरी करून मागा. आणि इथली एक गोष्ट ध्यानात ठेवा. वीज जाते. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे असतात, राउटर बहुधा नसतो. नेट तुटतं, परत येतं, आणि व्हीपीएन जुळेपर्यंतची काही सेकंदं लॅपटॉप उघड्यावर बोलतो. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये 'व्हीपीएनशिवाय जोडणी अडवा' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो लावा. फक्त हॉटेलचं लॉगिनचं पान यायचं असेल तेव्हा तेवढ्यापुरता काढावा लागेल.

आता ज्याने माझी झोप उडवली होती ते सांगतो. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये, नाव घेत नाही, वेग मिळत नाही म्हणून मला बोलावलं होतं. पाहुण्यांच्या वाय-फायला जोडलो आणि नेटवर्कवर कोण कोण आहे ते पाहिलं. फोन, लॅपटॉप, प्रिंटर आणि सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारी पेटी, म्हणजे डीव्हीआर. सगळे एकाच दालनात, मधे भिंत नाही. डीव्हीआरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला. नाव ॲडमिन, पासवर्ड कारखान्यातून आला तोच. आठ चौकटी उघडल्या. गेट, स्वयंपाकघर, पोहण्याचा तलाव, आणि खोल्यांसमोरचा व्हरांडा. सात नंबरच्या खोलीबाहेर एक बाई ओला टॉवेल दोरीवर टाकत होती, त्या क्षणी. लॅमिनेट केलेला पासवर्ड ज्याच्या हाती होता त्या कोणालाही ती दिसू शकत होती: कधी बाहेर पडली, कधी आली, कोणाबरोबर. मागचे पंधरा दिवसही त्यात साठवलेले होते. मालक वाईट माणूस नव्हता. कॅमेरेवाल्याने कॅमेरे लावले, नेटवाल्याने नेट लावलं, दोघं कधी भेटलेच नाहीत. मी त्या रात्री साडेनऊपर्यंत बसून डीव्हीआर वेगळ्या जाळ्यावर नेला आणि पासवर्ड बदलला, पण त्याआधीची तीन उघडी वर्षं मला बदलता येणार नव्हती.

त्याचा तुमच्या लॅपटॉपशी संबंध असा: ज्या नेटवर भिंती नाहीत तिथे तुमचाही लॅपटॉप सगळ्यांना दिसतो. विंडोज पहिल्यांदा जोडताना 'सार्वजनिक' की 'खाजगी' विचारतं, किंवा सेटिंगमध्ये दाखवतं. हॉटेलात नेहमी सार्वजनिक. मग तुमचे शेअर केलेले फोल्डर बाहेर दिसत नाहीत. घर म्हटलंय म्हणून खाजगी निवडू नका. न्याहारी-निवास कितीही घरासारखं असलं तरी त्या नेटवर अनोळखी माणसं आहेत.

आधार कार्ड. पोचण्याआधीच मालक व्हॉट्सॲपवर सगळ्यांच्या कार्डांचे फोटो मागतात. ओळखपत्र मागणं बरोबर आहे, पाहुण्यांची नोंद त्यांना ठेवावीच लागते. पण तो फोटो त्यांच्या गॅलरीत जातो, गॅलरीतून गूगल फोटोजवर, आणि फोन मुलाला दिला की मुलाच्या हातात. मी एका मालकांना फोनमध्ये जागा करून देत होतो तेव्हा चार वर्षांची आधार कार्डं एकापाठोपाठ सरकत होती, मधे मधे माशांच्या भावाचे फोटो. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क केलेलं आधार उतरवून घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. किंवा वाहनपरवाना दाखवा. शक्य तर फोटो पाठवूच नका, पोचल्यावर समोर दाखवा आणि वहीत लिहू द्या. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं तारीख आणि कारण लिहा. मोठ्या हॉटेलांतही हीच कच्ची बाजू आहे. मॅरियट या हॉटेल कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं की तिच्याच स्टारवुड हॉटेलांच्या बुकिंग यंत्रणेत २०१४ पासून कोणीतरी शिरलेलं होतं, आणि त्यात पन्नास लाखांहून जास्त पासपोर्ट क्रमांक उघड्या स्वरूपात गेले. त्या पाहुण्यांनी वाय-फाय वापरलं काय, न वापरलं काय.

टीव्हीवर तुमच्या मुलीचं लक्ष असणार. खोलीतल्या टीव्हीवर आपलं नेटफ्लिक्स, यूट्यूब किंवा गूगल खातं घालू नका. घातलंच तर निघताना त्या खात्यातून बाहेर पडा, आणि विसरलात तर घरून खात्याच्या सेटिंगमधून सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. हंगाम संपल्यावर टीव्ही साफ करायला गेलो की कोणाचा तरी ईमेल, कोणाचे तरी लहान मुलाचे फोटो स्क्रीनसेव्हरवर फिरत असतात. बरोबर एचडीएमआयची तार घेऊन या, लॅपटॉप जोडा, प्रश्नच मिटतो. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर तिकीट छापायला व्हॉट्सॲप वेब उघडलंत तर काम होताच फोनमधल्या 'लिंक केलेली डिव्हाइसेस'मध्ये जाऊन ते काढा. टॅब बंद केल्याने ते तुटत नाही.

परत जाताना वाय-फायच्या यादीतून तारकर्लीचं नाव विसरायला लावा, म्हणजे पुण्यात कोणी त्याच नावाचं नेट लावलं तरी फोन आपसूक जोडला जाणार नाही.

शेवटी, तुम्ही विचारलेलं नाही पण मनात असेल: मालकांना हे सगळं विचारलं तर त्यांना राग येईल का? माझ्या अनुभवात नाही, विचारायची पद्धत हवी. "तुमचं नेट सुरक्षित आहे का" असं विचारू नका, त्याला 'हो' याखेरीज उत्तर नाही. जेवण झाल्यावर पडवीत बसा आणि विचारा, "काका, पाहुण्यांचं वाय-फाय आणि तुमच्या घरचं वाय-फाय एकच का हो? कॅमेरे कशावर आहेत?" एकच असेल तर त्यांच्या नेटवाल्याला फोन करून 'गेस्ट नेटवर्क' चालू करायला सांगता येतं, बहुतेक राउटरमध्ये ती सोय आधीच असते, फक्त कोणी बटण दाबलेलं नसतं. देवबागच्या काकांनी त्या दिवसानंतर लॅमिनेट केलेला कागद काढून टाकला. आता स्वयंपाकघराच्या दाराशी पाटी आहे. सकाळी त्यावर काकू माशांचा बेत लिहितात, आणि खाली खडूनेच त्या आठवड्याचा पासवर्ड.